एशिया वर्ल्ड: म्यानमारमधल्या एका घराण्याचा उद्योग आणि त्याची सत्तेशी सोयरीक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एशिया वर्ल्ड ही नेमकी कसली कंपनी आहे?

यांगून शहराच्या अहलोन भागात नदीकाठी जे कंटेनर बंदर आहे, ते या कंपनीचं. यांगूनच्या विमानतळाचं नवं टर्मिनल आणि नेप्यिडॉ या नव्या राजधानीचा विमानतळ याच समूहाने बांधला. चीनच्या सीमेकडे जाणारा हमरस्ता, धरणं, हॉटेलातली भागीदारी, आयात-निर्यात असा पसारा आहे. लो शिंग हान आणि त्याचा मुलगा स्टीव्हन लॉ यांनी १९९२ साली ही कंपनी काढली. मालकी घराण्याची, शेअर बाजारात नोंदणी नाही, त्यामुळे नफ्यातोट्याचा हिशोब बाहेर येत नाही. यांगूनमध्ये शेअर बाजारच मुळी २०१५च्या डिसेंबरात उघडला.

बापाचं नाव लो शिंग हान, मुलाचं स्टीव्हन लॉ, आणि कागदोपत्री तुन म्यिन नाइंग. ही तीन वेगळी माणसं आहेत का?

नाही, माणसं दोनच. बर्मी लोकांत आडनाव नसतं. बाप आणि मुलगा यांच्या नावात एकही अक्षर सारखं नसणं तिथे अगदी सामान्य आहे. हे घराणं मूळचं कोकांगचं, म्हणजे वंशाने चिनी. मुलाला घरचं चिनी नाव आहे, सरकारदरबारी तुन म्यिन नाइंग हे बर्मी नाव आहे आणि परदेशी भागीदारांसाठी स्टीव्हन लॉ. लबाडी म्हणून हे सुरू झालं असं नाही, म्यानमारमधल्या असंख्य चिनी वंशाच्या कुटुंबांत अशीच पद्धत आहे. मात्र निर्बंधांच्या याद्या तपासणाऱ्या बँक कारकुनाची त्यामुळे पंचाईत होते, हेही खरं.

लो शिंग हान कोण होता?

इथे जरा मागे जावं लागेल, कारण कंपनीची सगळी गोष्ट या एका माणसाच्या कारकिर्दीत आहे.

कोकांग हा शान राज्याच्या ईशान्य टोकाचा डोंगराळ पट्टा, पलीकडे चीनचा युन्नान प्रांत. लोकवस्ती बहुतांश हान चिनी, डोंगरउतारावर पिढ्यानपिढ्या अफूची शेती. १९३०च्या दशकात जन्मलेल्या लोने उमेदवारी केली ती ऑलिव्ह यांग हिच्या फौजेत. ही कोकांगच्या राजघराण्यातली बाई स्वतःचं सैन्य बाळगून अफूचे तांडे चालवायची. तिच्यावर वेगळं पान लिहावं इतकी ती भन्नाट होती, पण तो मोह इथे आवरतो.

१९६२मध्ये जनरल ने विनने सत्ता घेतली आणि देश समाजवादाच्या ‘बर्मी मार्गा’ला लावला. डोंगरात बंडखोर आणि कम्युनिस्ट, आणि त्यांच्याशी लढायला सरकारकडे ना पैसा ना माणसं. मग तोडगा निघाला ‘का क्वे ये’ नावाच्या स्थानिक सशस्त्र दलांचा. तुम्ही सरकारच्या बाजूने लढा, पगार मात्र मागू नका. त्याच्या बदल्यात सरकारी रस्त्यांवरून तुम्हाला काय वाहायचं ते वाहा, आम्ही बघणार नाही. कोकांगच्या अशा दलाचा म्होरक्या लो होता. त्याचे तांडे अफू घेऊन थायलंडच्या सीमेकडे उतरायचे आणि येताना कापड, घड्याळं, औषधं असा माल आणायचे. समाजवादी दुकानांच्या फळ्या रिकाम्या असल्यामुळे या मालाला गिऱ्हाईक तयारच असायचं. १९७०च्या सुमारास अमेरिकी अधिकारी त्याला आग्नेय आशियातल्या हेरॉइन व्यापाराचा सूत्रधार म्हणू लागले होते.

त्याला फाशीची शिक्षा झाली होती ना? अफूसाठीच?

शिक्षा झाली होती, पण अफूसाठी नाही. हा बारकावा बहुतेक लेखांत निसटतो.

१९७३मध्ये सरकारने ही सगळी दलं बरखास्त करायचा हुकूम काढला. लोने हत्यारं खाली ठेवली नाहीत. तो जंगलात गेला आणि शान बंडखोरांना जाऊन मिळाला. त्याच वर्षी बंडखोरांनी अमेरिकेपुढे एक अजब प्रस्ताव ठेवला: आमची सगळी अफू तुम्हीच विकत घ्या आणि जाळून टाका. तो काही फळाला आला नाही. लोला थायलंडमध्ये पकडून बर्माच्या हवाली करण्यात आलं. खटला उभा राहिला तो राजद्रोहाचा. अफूच्या वाहतुकीवर बोट ठेवायचं तर ती सरकारच्याच परवानगीने चालली होती हे न्यायालयात निघालं असतं. फाशीची शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलली आणि १९८०च्या सर्वसाधारण माफीत तो सुटला.

सरकारच्या लेखी त्याचा गुन्हा अफू विकण्याचा नव्हताच, बाजू बदलण्याचा होता. पुढचं सगळं समजून घ्यायला ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

तुरुंगातून आलेला माणूस दहा-बारा वर्षांत उद्योगपती कसा झाला?

मध्यस्थी करून. १९८८च्या लोकउठावात लष्कराने रक्तपात केला, ने विनची जुनी व्यवस्था कोसळली आणि नवी लष्करी राजवट आली. तिला सगळ्यात मोठी धास्ती होती ती शहरांतले चिडलेले विद्यार्थी आणि सीमेवरचे बंडखोर एकत्र येण्याची. तशातच मार्च १९८९मध्ये बर्मी कम्युनिस्ट पक्षाच्या कोकांगी तुकड्यांनी फुंग क्या-शिन याच्या नेतृत्वाखाली आपल्याच पक्षाविरुद्ध बंड केलं. पाठोपाठ ‘वा’ नावाच्या डोंगरी जमातीच्या तुकड्याही फुटल्या. चाळीस वर्षं सरकारला न जमलेलं काम काही आठवड्यांत आपोआप झालं. प्रश्न एवढाच होता की या हजारो हत्यारबंद माणसांशी आता बोलणार कोण?

गुप्तचर खात्याचा प्रमुख खिन न्युन्त याने लोला हाताशी धरलं. लो त्याच डोंगरातला, त्याच भाषेतला, फुंगला पूर्वीपासून ओळखणारा. ऑलिव्ह यांगचीही मदत घेतली गेली. ठरलं असं की हत्यारं तुमच्याकडेच राहू द्या, मुलूखही तुमचाच, व्यापार खुशाल करा, फक्त आमच्यावर गोळी झाडू नका. युद्धबंदी झाली आणि १९९०च्या दशकात बर्मी अफूचं पीक जोमाने वाढलं.

लोला या कामगिरीचं बक्षीस मिळालं. व्यापाराच्या सवलती मिळाल्या, राजधानीत वावरायची मोकळीक मिळाली, आणि १९९२मध्ये एशिया वर्ल्ड उभी राहिली.

म्हणजे कंपनीचं भांडवल अफूचंच?

अमेरिकेच्या अर्थखात्याने २००८मध्ये तसं उघड म्हटलं. लोला त्यांनी ‘हेरॉइनचा गॉडफादर’ म्हटलं आणि मुलगा १९९०च्या दशकात बापाच्या त्याच धंद्यात उतरला असा आरोप केला. १९९६मध्ये स्टीव्हन लॉला अमेरिकेने व्हिसा नाकारला होता, तोही याच संशयावरून. स्टीव्हन लॉने आरोप नाकारले, आणि अमली पदार्थांच्या व्यापाराबद्दल कोणत्याही न्यायालयाने त्याला दोषी ठरवलेलं नाही. आरोप आणि निकाल यांतलं अंतर वाचकाने पाळावं.

यात आणखी एक गोष्ट धरायला हवी. त्या काळात म्यानमारमध्ये पैशाचा उगम विचारलाच जात नसे. ठरावीक कर भरला की काळा पैसा अधिकृतपणे पांढरा करून बँकेत टाकता येई, तशी सरकारी सोयच होती. त्यामुळे कोणता रुपया कुठून आला याचा माग लागणं अवघडच होतं. माझं मत विचाराल तर पैशापेक्षा मोठं भांडवल म्हणजे ओळख. लष्कराला डोंगरात शब्द पाठवायचा असेल, डोंगरातल्यांना राजधानीत काम असेल, चिनी कंपनीला दोन्हीकडे भरवशाचा माणूस हवा असेल, तर प्रत्येक वेळी एकच दार ठोठवावं लागायचं.

सत्तेशी संबंध म्हणजे काय, लाचलुचपत का?

लाच हा फार छोटा शब्द झाला. संबंध कसे चालतात ते रस्त्याच्या उदाहरणावरून पाहा.

लाशिओ ते म्युसे हा चिनी सीमेकडे जाणारा रस्ता म्हणजे दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या बर्मा रोडचाच भाग. चीनशी होणाऱ्या खुष्कीच्या व्यापाराचा मोठा हिस्सा यावरून जायचा. सरकारकडे दुरुस्तीला पैसे नव्हते. एशिया वर्ल्डने तो बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर घेतला आणि टोल नाके बसवले. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की तिथे ना निविदांची स्पर्धा होती, ना विधिमंडळात प्रश्न विचारणारा आमदार, ना वसुलीचा हिशोब मागणारी जनहित याचिका.

मग नोव्हेंबर २००५ उजाडला. लष्करी राजवटीचा प्रमुख जनरल थान श्वेने राजधानी यांगूनहून उचलून देशाच्या मध्यभागी माळरानावर नेली. रुंदच रुंद रस्ते, मंत्रालयांच्या इमारती, अधिकाऱ्यांच्या वसाहती, सगळं कोऱ्या जमिनीवर उभं करायचं होतं. काम वाटून दिलं गेलं ते ठरलेल्या घरांना: एशिया वर्ल्ड, तायझाची ह्टू, झॉ झॉची मॅक्स म्यानमार, एडन, श्वे तौंग. रोख पैसा कमी असल्याने बिलांच्या बदल्यात अनेकदा आयातीचे परवाने किंवा सागवान तोडण्याचे हक्क मिळत. त्या काळात म्यानमारमध्ये गाडी आयात करायचा परवाना म्हणजे हातात पडलेलं घबाडच, कारण बाजारात जुनाट गाडीलासुद्धा अवाच्या सवा किंमत येई. २००८च्या मे महिन्यात नर्गिस चक्रीवादळाने इरावतीच्या मुखाशी सुमारे १ लाख ३८ हजार माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. तिथल्या पुनर्बांधणीची कामंही याच वर्तुळात वाटली गेली.

२००९-१०मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, सरकारी मालमत्तेची मोठी विक्री झाली. पेट्रोल पंप, गोदामं, इमारती, कारखाने ओळखीतल्यांच्या हाती गेले. गणवेश उतरवण्याआधी घरातली भांडीकुंडी नातलगांत वाटून टाकावी, तसा तो प्रकार होता.

खिन न्युन्तच पाठीराखा होता, तर २००४मध्ये तो पडल्यावर कंपनी का बुडाली नाही?

ऑक्टोबर २००४मध्ये खिन न्युन्तला पदावरून काढून नजरकैदेत टाकलं, त्याचं गुप्तचर खातं मोडीत काढलं. त्याच्या जवळच्या अनेकांचे धंदे बसले. एशिया वर्ल्डला उलट पुढच्याच वर्षी नव्या राजधानीची कामं मिळाली. घराण्याने एकाच जनरलच्या पदराला गाठ मारली नव्हती, हे त्यावरून दिसतं. सीमेवरचा व्यापार आणि चिनी कंपन्यांशी ओळखी लष्करातल्या प्रत्येक गटाला हव्याच होत्या.

म्यित्सोन धरणाच्या भानगडीत या कंपनीचा काय भाग होता?

भागीदारीच्या आकड्यात पाहिलं तर छोटा, फक्त ५ टक्के. ८० टक्के चीनच्या सरकारी वीज कंपनीचे, उरलेले म्यानमार सरकारचे. ६००० मेगावॉटचं हे धरण काचिन राज्यात, माली आणि न्माई या नद्या मिळून इरावती होते त्या संगमावर व्हायचं होतं. बहुतेक वीज चीनला जाणार होती. बर्मी माणसासाठी इरावती काय आहे ते आपल्याला वेगळं सांगायला नको. तिच्या उगमालाच बांध घालायचा म्हटल्यावर काचिन शेतकऱ्यांपासून यांगूनच्या कवी-चित्रकारांपर्यंत सगळे खवळले. जून २०११मध्ये काचिन बंडखोरांबरोबरची १७ वर्षांची युद्धबंदीही तुटली. ३० सप्टेंबर २०११ रोजी राष्ट्राध्यक्ष थेन सेनने काम थांबवलं. एशिया वर्ल्डने विस्थापितांसाठी बांधलेल्या वसाहतीत मात्र लोक येऊन राहिले होते. शेती मागे राहिली आणि धरणही झालं नाही, अशी त्यांची अवस्था झाली.

अमेरिकेने निर्बंध लावले, त्याचा परिणाम काय झाला?

२५ फेब्रुवारी २००८ रोजी लो, स्टीव्हन लॉ आणि स्टीव्हनची सिंगापुरी पत्नी सिसिलिया न्ग, तिघांची नावं काळ्या यादीत गेली. बरोबर म्यानमारमधल्या कंपन्या आणि सिसिलियाच्या मालकीच्या सिंगापूरमधल्या दहा कंपन्याही गेल्या. त्यांतल्या गोल्डन ॲरनने चीनच्या सरकारी तेल कंपनीबरोबर म्यानमारमध्ये तेलशोधाचे करार केले होते. सिंगापूर हा या घराण्याचा दुसरा पाय, आणि ते काही गुपित नव्हतं. १९९०च्या दशकातच अमेरिकी परराष्ट्र खात्यातले रॉबर्ट गेलबार्ड म्हणत होते की १९८८नंतर सिंगापुरातून बर्मात आलेली निम्म्याहून जास्त गुंतवणूक लोच्या कुटुंबाशी जोडलेली आहे.

निर्बंधांमुळे डॉलरमधले व्यवहार आणि पाश्चात्त्य भागीदार गेले. कंपनी मात्र चिनी पैशावर चालत राहिली.

खरी गंमत २०१५मध्ये झाली. निर्बंध सैल होऊन अमेरिकी कंपन्या म्यानमारमध्ये येऊ लागल्या होत्या. माल यांगूनला उतरायचा, आणि यांगूनचं एक मुख्य कंटेनर बंदर एशिया वर्ल्डचं. बंदराचं भाडं भरलं तर काळ्या यादीतल्या माणसाला पैसे दिल्याचा गुन्हा, नाही भरलं तर माल उतरणार कसा? अमेरिकी बँकांनी व्यापारासाठी पैसे पुरवणंच थांबवलं. शेवटी डिसेंबर २०१५मध्ये वॉशिंग्टनला सहा महिन्यांची खास सूट द्यावी लागली. ज्याला वाळीत टाकायचं त्याच्या अंगणातूनच गावाची वाट जात होती. ऑक्टोबर २०१६मध्ये ओबामांनी म्यानमारवरचा निर्बंधांचा कार्यक्रम गुंडाळला आणि स्टीव्हन लॉ यादीतून बाहेर आला. लो तोवर राहिला नव्हता. ६ जुलै २०१३ रोजी यांगूनमध्ये त्याचं निधन झालं होतं.

आँग सान सू ची सत्तेवर आल्यावर या घराण्यांचं काही वाकडं झालं का?

नाही. त्यांच्या पक्षाने सत्तेआधीच, २०१२-१३मध्ये, लष्कराच्या मर्जीतल्या उद्योगपतींकडून देणग्या घेतल्या होत्या. टीका झाली तेव्हा सू ची यांनी त्याचं समर्थन केलं. पैसा लोकोपयोगी कामाला लागतोय, असा त्यांचा सूर होता. २०१६मध्ये सरकार आल्यावर त्यांनी बड्या उद्योगपतींना बोलावून देशासाठी काम करा असं आवाहन केलं. ऑक्टोबर २०१७मध्ये, लाखो रोहिंग्या बांगलादेशात पळाले असताना, राखाइनच्या पुनर्वसनासाठी जी संस्था उभारली तिच्यातही हेच उद्योगसमूह पुढे होते.

यावरून सू ची यांच्यावर तुटून पडणं सोपं आहे. पण बंदर, विमानतळ, सिमेंट, बँका, सगळंच मूठभर घरांकडे असताना कोणत्याही निवडून आलेल्या सरकारपुढे दुसरा कंत्राटदार कुठे होता? त्यांनी तो घडवायचा फारसा प्रयत्न केला नाही, हा आक्षेप मला जास्त रास्त वाटतो.

लष्कराच्या स्वतःच्या कंपन्या आहेत, मग या घराण्यांची गरज काय?

लष्कराचे दोन उद्योगसमूह आहेत, एक १९९०चा आणि दुसरा १९९७चा. इंग्रजी आद्याक्षरांनी एमईएचएल आणि एमईसी. बिअर, सिगारेट, खाणी, जमिनी, दूरसंचार सगळीकडे ते आहेत. पण परदेशी भागीदाराला हातमिळवणीसाठी गणवेशाऐवजी सूट घातलेला माणूस लागतो. घराणी ती गरज भागवतात. २०२१मध्ये लष्कराने बंड करून सू ची यांचं सरकार उलथवल्यानंतर दोन्ही लष्करी समूहांवर अमेरिका आणि ब्रिटनने निर्बंध लावले. तायझा आणि त्याची ह्टू कंपनीही पुन्हा यादीत आली.

अशी आणखी कोणती घराणी आहेत?

तायझा आणि झॉ झॉ ही नावं वर आलीच. कांबोझा बँकेचा आँग को विन शान राज्यातल्या रत्नांच्या खाणींतून वर आला. २०१९च्या संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन अहवालात कांबोझा आणि मॅक्स म्यानमार यांनी राखाइनमधल्या सीमाकुंपणाला पैसे दिल्याचं नमूद आहे. सर्ज पुनचं योमा वेगळ्या जातकुळीतलं: सिंगापूरच्या शेअर बाजारात नोंदलेलं आणि पाश्चात्त्य निर्बंधांपासून लांब राहिलेलं. सगळ्यांना एकाच तागडीत तोलू नये.

कोकांगमध्ये सायबर फसवणुकीचे अड्डे चालवणारी घराणी म्हणजे हेच का?

नाही, गल्लत करू नका. लाऊक्काई शहरातली ती घराणी २००९नंतर वर आली. त्या वर्षी लष्कराने फुंग क्या-शिनला हुसकावून त्याच्या विरोधकांना गादीवर बसवलं. २७ ऑक्टोबर २०२३ला सुरू झालेल्या हल्ल्यात फुंगच्या जुन्या सेनेने ते शहर परत घेतलं. मिंग घराण्याच्या टोळीतल्या ११ जणांना चिनी न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये मृत्युदंड सुनावला. साम्य एकच: त्यांनाही मुलूख आणि मोकळीक लष्कराने निष्ठेच्या बदल्यात दिली होती.

या सगळ्याचा भारताशी, महाराष्ट्राशी काही संबंध?

एक जुना आणि एक नवा.

जुना असा की मुंबईत १८६३मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला बर्माच्या राजाकडून सागवान तोडण्याचा मक्ता होता. हिशोबापेक्षा जास्त लाकूड नेल्याचा ठपका ठेवून राजदरबाराने १८८५मध्ये कंपनीला सुमारे २३ लाखांचा दंड ठोठावला. इंग्रजांनी ते निमित्त करून युद्ध पुकारलं, नोव्हेंबरात मंडाले पडलं आणि राजा थिबा रत्नागिरीला येऊन पडला तो १९१६मध्ये मरेपर्यंत. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहायला जाणाऱ्या किती जणांना सागवानाच्या मक्त्याची ही गोष्ट ठाऊक असते, कोण जाणे.

नवा संबंध अदानींचा. २०१९मध्ये त्यांच्या बंदर कंपनीने यांगूनमध्ये कंटेनर टर्मिनलचा २९ कोटी डॉलरचा प्रकल्प जाहीर केला. जमीन एमईसीकडून भाड्याने घेतली होती, म्हणजे थेट लष्कराकडून. बंडानंतर निर्बंध आले, परदेशी गुंतवणूकदारांनी बोट दाखवलं आणि मे २०२३मध्ये टर्मिनल ३ कोटी डॉलरला विकून कंपनी बाहेर पडली.

बातम्यांत या समूहाची कोणती नावं ओळखू यावीत?

‘एशिया वर्ल्ड’ हे नाव दरवेळी असेलच असं नाही. यांगून विमानतळाच्या संदर्भात पायोनियर एरोड्रोम सर्व्हिसेस, बंदराच्या बातमीत एडब्ल्यूपीटी, तेलाच्या जुन्या करारांत गोल्डन ॲरन असं लिहिलेलं सापडेल. माणसाचं नाव शोधायचं तर आधी तुन म्यिन नाइंग शोधा. म्यानमारच्या सरकारी कागदांत तेच वापरलं जातं.